कुकरची शिट्टी का होत नाही?



आज तुमच्याशी बोलायचे आहे ते तुमच्या स्वयंपाकघरातल्या एका रोजच्या भांड्याविषयी, म्हणजे प्रेशर कुकरविषयी. आता कुणी म्हणेल, कुकर हा काय बोलण्याचा विषय झाला? तांदूळ घालावेत, पाणी घालावे, तीन शिट्ट्या मोजाव्यात, की झाले. खरे आहे. सगळे सुरळीत चालते तोवर कुणालाच काही विचारावे लागत नाही. विचार करावा लागतो तो शिट्टी होत नाही त्या दिवशी. आणि त्या दिवशी घाईघाईने जे केले जाते त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. सकाळच्या वेळी शेजारच्या वहिनींनी हाक मारली, "भावोजी, जरा इकडे येता का? अर्धा तास होत आला, कुकरची शिट्टीच होईना!" मी गेलो. मोठ्या आचेवर कुकर ठेवलेला, आत वालाची उसळ. झाकणाच्या कडेने वाफ नाही, शिट्टीखालून सूंऽऽ असा आवाज नाही. कुकर अगदी मौन धरून बसला होता. वहिनींच्या सासूबाई हातात वरवंटा घेऊन तयार होत्या. म्हणाल्या, "शिट्टी सैल झाली असेल, दुसरं काय? वर हा ठेवते, म्हणजे दाब धरील."

मी आधी गॅस बंद केला. "मावशी, तो वरवंटा खाली ठेवा आणि आपण सगळीच बाहेर ओट्यावर बसू या," असे म्हणून दोघींना बाहेर आणले. तासाभराने कुकर हाताला पार गार लागला तेव्हा झाकण काढले. पाहतो तो वाफेच्या नळीत वालाचे एक साल पाचरीसारखे घट्ट बसलेले! दाब कमी नव्हताच. दाब बाहेर पडण्याची वाट बंद झाली होती, आणि त्यावर आणखी वरवंटा चढणार होता.

आज सांगायची मुख्य गोष्ट हीच. शिट्टी न होण्याची कारणे दोन जातींची असतात, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट असतात. एक म्हणजे गळती: वाफ भलतीकडून निसटते, म्हणून दाब चढत नाही. दुसरे म्हणजे तुंबारा: वाफेची वाट बंद होते, म्हणून दाब चढतच जातो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, कारण शिट्टी दोन्हीकडे गप्प असते. गळतीत गॅस वाया जातो. तुंबाऱ्यात जीव जाऊ शकतो. म्हणून शिट्टी झाली नाही की पहिला प्रश्न "शिट्टीला काय झाले?" हा नव्हे. पहिला प्रश्न असा: "वाफ कुठे जाते आहे?"

हा प्रश्न नीट विचारायचा तर कुकरात काय घडते ते थोडेसे समजून घेतले पाहिजे.

उघड्या पातेल्यातले पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, असे आपण शाळेत शिकलो. पण ते समुद्रकाठचे. पाण्यावर हवेचा जो दाब असतो तो जसा कमी होईल, तसे पाणी लवकर उकळते. महाबळेश्वरला ते साधारण 95 ते 96 अंशांनाच उकळते. तिकडे लडाखात, लेहला, सुमारे 88 अंशांना. तेथे उघड्या भांड्यात डाळ शिजवायला बसलात तर दुपार व्हायची! पाणी खळखळते, पण ते पुरेसे तापलेलेच नसते. खालून जाळ कितीही वाढवा, पाणी नुसते लवकर आटेल. अधिक तापणार नाही.

कुकरात याच्या उलट केलेले असते. झाकण घट्ट, त्याखाली रबराची रिंग, आणि वाफेला बाहेर जायला एकच बारीक नळी. त्या नळीवर शिट्टीचे वजन. आत कोंडलेली वाफ पाण्यावर दाब देते. घरगुती कुकरात हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो इतका जास्त होतो. या दाबाखाली पाणी 100 ला उकळत नाही, ते सुमारे 120 अंशांपर्यंत चढते. वीसच अंशांचा फरक, पण शिजण्याच्या कामी तो फार मोठा. दहा अंश वाढले की शिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ हिशेब आहे. म्हणूनच उघड्यावर तास घेणारी डाळ कुकरात पंधरा-वीस मिनिटांत होते.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी फळ्यावर मांडावा असा एक हिशेब. समजा, झाकणाचा व्यास 20 सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ झाले सुमारे 314 चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो धरा. झाकणाला आतून वर ढकलणारा जोर झाला 314 किलोंचा! धान्याची 50 किलोंची सहा पोती झाकणावर रचली तर जेवढा भार होईल, त्याहून थोडा जास्त. आपल्या ओट्यावर रोज सकाळी एवढे बळ कोंडलेले असते, आणि ते मुकाट्याने आपले काम करीत असते.

दुसरा हिशेब शिट्टीचा. समजा, नळीच्या भोकाचे क्षेत्रफळ 10 चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग. त्यावर 1 किलोच्या हिशेबाने वाफ जोर लावणार 100 ग्रॅमचा. तेव्हा शिट्टीचे वजन 100 ग्रॅम ठेवले की बरोबर त्या दाबाला ती उचलली जाते, जादा वाफ सूंऽऽ करून निघून जाते, आणि शिट्टी पुन्हा खाली बसते. याचा अर्थ असा की शिट्टी ही नुसती गजराची घंटा नव्हे. ते तराजूतले माप आहे. त्यावर आणखी 100 ग्रॅमची वाटी ठेवली तर आतला दाब दुप्पट होईल. मग दोन-तीन किलोच्या वरवंट्याने काय होईल, याचा हिशेब मुलांनाच करू द्या. एका कंपनीची शिट्टी दुसऱ्या कंपनीच्या कुकरावर का चढवू नये, याचेही उत्तर यातच आहे. भोक वेगळे, वजन वेगळे, म्हणजे माप चुकले.

आता दोषाचा शोध. कुकर गॅसवर आहे, शिट्टी होत नाही. हात लावू नका, वर काही ठेवू नका. दोन हात लांब उभे राहा, आणि नुसते पाहा व ऐका.

वाफ झाकणाच्या कडेने येत असेल, तर दोष बहुधा रिंगचा. गॅस बंद करा, दाब उतरू द्या, झाकण काढा. आधी कडेवर भाताचे शीत, डाळीचा दाणा किंवा कोथिंबिरीचे पान चिकटले आहे का ते पाहा. एक शीतसुद्धा वाफेला वाट करून देते. रिंग काढून कोमट पाण्याने धुवा, झाकणातली खोबणही बोटाने पुसून घ्या. रिंग वाकवून पाहा. तडे दिसले, रबर कडक झाले असेल, किंवा ती ताणून खोबणीत सैल बसत असेल, तर तिचे दिवस भरले. सैल झालेली रिंग गार पाण्यात ठेवून एखादा दिवस निभावता येते, पण तो एकाच दिवसाचा इलाज. रोजच्या वापरात वर्षाकाठी एकदा रिंग बदलणे बरे. रिंगखाली सुतळी गुंडाळणे, कडेला कणीक थापणे, हे उपाय मात्र करू नयेत. वाफेला कुठून जावे आणि कुठून जाऊ नये हे ठरवून भांडे बनवलेले असते; आपण मध्येच नवे बांध घातले की तो हिशेब बिघडतो.

नवी रिंग घालूनही कडेने वाफ येतेच? मग कुकरची कड पाहा. कुकर खाली पडून किंवा डावाने कडेवर ठोकून ठोकून तिला पोचा येतो. भाजी ढवळून झाली की डाव कुकरच्या काठावर आपटायची सवय किती घरांत आहे! त्या सवयीने कड बिघडते, आणि मग कोणतीही रिंग नीट बसत नाही. झाकणाच्या दांड्याचा स्क्रू ढिला झाला असेल, तरी झाकण तिरके बसते. स्क्रू आवळता येतो. पोचा मात्र घरी हातोडीने ठोकून काढू नये. कंपनीच्या दुरुस्तीच्या दुकानात दाखवावा.

वाफ सेफ्टी व्हॉल्व्हपाशी येत असेल, तर थांबा आणि विचार करा. झाकणावर शिट्टीपासून थोड्या अंतरावर जे लहानसे बटणासारखे असते, तो हा व्हॉल्व्ह. पुष्कळ कुकरांत त्याच्या मध्यभागी लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. आतले पाणी संपून कुकर भलताच तापला किंवा दाब प्रमाणाबाहेर गेला, तर तो ठिपका वितळून वाट मोकळी करतो. म्हणजे स्वतः मरून घर वाचवतो. तो नुसता सैल असेल तर आवळून पाहावा. गेलाच असेल, तर नवा आणि त्याच कंपनीचा बसवावा. तो का गेला, तेही शोधावे: पाणी कमी पडले, की नळी तुंबली होती? काही ठिकाणी या भोकात बोल्ट पिळून बसवतात किंवा झाळून टाकतात. "आता कशी वाफ जात नाही!" म्हणून समाधान मानतात. वाचकहो, वाफ जात नाही हेच तर संकट आहे.

वाफ शिट्टीखालून सारखी येत राहते, पण शिट्टी उचलत नाही, असे असेल, तर शिट्टीच्या बुडाशी किंवा नळीच्या तोंडाशी कण अडकलेला असतो, नाहीतर क्षारांचा थर बसलेला असतो. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल तेथे हे वारंवार होते. गार झाल्यावर शिट्टी काढून धुवावी, तोंड पुसावे. आच फारच मंद असेल तरी असे होते. त्यात बिघाड काही नाही.

शिट्टीतून वाफेबरोबर पाणी किंवा डाळीचा फेस उडत असेल, तर कुकर गच्च भरला आहे. एरवी कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळ, तांदूळ, कडधान्ये ही फुगणारी आणि फेसाळणारी. ती थेट कुकरात शिजवायची असतील तर निम्म्यापर्यंतच. हा उडणारा फेसच पुढे नळीत वाळून बसतो. आजचा फेस म्हणजे उद्याचा तुंबारा.

आणि शेवटचे लक्षण, सगळ्यांत महत्त्वाचे. वाफ कुठेच दिसत नाही, आवाजही नाही. कुकर नुकताच ठेवला असेल, पाणी जास्त असेल, आच मंद असेल, तर वेळ लागणारच. पण रोज ज्या वेळात शिट्टी होते, त्याच्या दीडपट-दुप्पट वेळ होऊन गेला आणि तरी सगळे सामसूम असेल, तर तर्क करीत बसू नका. गॅस बंद करा. करपल्याचा वास येत असला तरीही हेच. चुलीवर असेल तर लाकडे ओढून घ्या. कुकर उचलू नका, हलवू नका, शिट्टी टोचून पाहू नका, झाकणाला हात लावू नका. मुलांना बाहेर काढा आणि वाट पाहा. कुकर गार होऊ लागला की आतली वाफ पुन्हा पाणी होते, आणि दाब आपोआप उतरतो. उसळ थोडी कच्ची राहील. राहू द्या.

काही कुकरांच्या झाकणाच्या कडेला एक लांबट खाच ठेवलेली असते. नळी तुंबली तर रिंगचा तेवढा भाग त्या खाचेतून बाहेर पडतो आणि वाफेला वाट देतो. कधी रिंग तशी बाहेर आलेली दिसली, तर ती आत ढकलून पुन्हा कुकर लावू नका. नळी तुंबली असल्याचा तो निरोप आहे.

झाकण जोराने का उघडू नये, तेही सांगतो. आतले पाणी 120 अंशांचे असते. झाकण एकदम उघडले की दाब जातो, आणि त्या पाण्यातली जादा उष्णता तत्क्षणी वाफ होऊन उसळते. हिशेब केला तर अशा एक लिटर पाण्यातून साठेक लिटर वाफ क्षणात तयार होते, आणि ती आपल्याबरोबर कढत डाळ तोंडावर घेऊन येते. ज्या कुकरांचे झाकण आतून बसते, त्यांत वाफच झाकणाला दाबून धरते, त्यामुळे दाब असताना ते सहसा सुटत नाही. बाहेरून फिरवून बसवायचे झाकण मात्र ताकद लावली तर फिरते. म्हणून नियम एकच: झाकण सहज निघाले तर काढावे, जोर लावावा लागला तर अजून वेळ झालेली नाही.

या सगळ्या संकटातून वाचण्याचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. कुकर लावण्यापूर्वी झाकण उजेडाकडे धरा आणि नळीतून पाहा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर बारीक तार घालून नळी साफ करा आणि पाण्याची धार सोडा. शिट्टी वेगळी निघणारी असेल, तर ती सुरुवातीलाच चढवू नका. नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, मग शिट्टी ठेवा. वाट मोकळी असल्याचा पुरावाच मिळाला.

आणखी एक. शिट्ट्यांवर स्वयंपाक मोजू नका. पहिली शिट्टी झाली म्हणजे आतला दाब भरला. यापुढे आच मोठी ठेवली म्हणून आत 120 चे 130 होत नाहीत. शिट्टी उचलते आणि जादा उष्णता वाफेबरोबर आढ्याला जाते. तेव्हा पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करावी आणि घड्याळाकडे पाहावे. गॅस वाचतो, पाणी आटत नाही, आणि फेसही कमी उडतो.

शाळांमध्ये पोषण आहार शिजतो. जेथे तो मोठ्या कुकरात शिजतो, तेथे ही काळजी अनेक पटींनी घेतली पाहिजे. झाकण जेवढे मोठे, तेवढा त्यावरचा जोर मोठा. गुरुजी, बाई, स्वयंपाकीण ताईंकडे एकदा जाऊन विचारा, "ताई, रिंग कधी बदलली? व्हॉल्व्ह मूळचा आहे ना?" पैशाअभावी जुन्याच रिंगवर चालले असेल, तर त्या रिंगची किंमत आणि तिच्याभोवती वावरणारी मुले यांची तुलना करा. नवा कुकर घेताना आय.एस.आय. खूण पाहा. घरगुती कुकरांना ती 2021 पासून सक्तीची आहे, आणि मानकाचा क्रमांक आहे आय.एस. 2347.

वर्गात दाखवता येईल असा एक प्रयोगही सांगून ठेवतो. सुई नसलेली प्लास्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात थोडे कढत, पण उकळी न फुटलेले पाणी ओढून घ्या. आतली हवा काढून टाका, टोक बोटाने किंवा टोपणाने बंद करा, आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. खाली जाळ नसताना पाणी उकळू लागेल! दाब कमी झाला म्हणून. कढत पाण्याचे काम असल्याने हे शिक्षकांनीच करावे, मुलांनी पाहावे. महाबळेश्वर, लेह आणि कुकर, तिन्ही एकाच धड्यात बसतात.

जाता जाता एक जुनी आठवण. हे भांडे काही कालपरवाचे नाही. देनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1679 साली लंडनला वाफ कोंडून शिजवण्याचे भांडे तयार केले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. पण त्याची खरी हुशारी निराळीच. वाफ कोंडायची तर तिला वेळेवर सोडण्याची सोयही हवी, हे त्याने ओळखले, आणि भांड्यावर वजन लावलेली झडप बसवली. कोंडणे आणि सोडणे या दोन्ही गोष्टी पहिल्यापासून जोडीनेच आलेल्या आहेत. आपण एकीला धरून दुसरीला बोल्ट मारू लागलो, तर दोष भांड्याचा नव्हे.

शेजारच्या मावशी आता रोज सकाळी झाकण खिडकीकडे धरतात आणि एक डोळा मिटून नळीतून पाहतात. सूनबाई हसतात, पण त्यांनाही ते मनातून बरे वाटते. वाचकहो, उद्या सकाळी तुम्हीही एवढे करून पाहा. उजेड दिसला की खुशाल कुकर लावा.

नमस्कार.